मिरचीचं फडकं आणि एसीचा फिल्टर

एसीचा फिल्टर बदलून स्वतःच्या मुलीचं लग्न मोडायला निघालेला बाप शहाद्यात मी एकटाच असेन.

दुसऱ्या दिवशी म्हसावदचे पाहुणे आमच्या प्राजूला बघायला येणार होते. मुलगा तिच्याच कॉलेजातला, तिच्या मनात भरलेला. फक्त त्याच्या आईचा होकार बाकी होता. एप्रिलचं ऊन, म्हणून मी एसी साफ करायला घेतला. फिल्टर भांड्यांच्या तारेच्या घासणीनं घासला आणि बोटं आरपार गेली.

दुकानदार म्हणाला, "काका, धुळाथून मांगाडना पडी. आठ दिन धरा."

धुळ्याहून मागवायला आठ दिवस कुठले? जाळी जेवढी बारीक, तेवढी हवा शुद्ध, असा माझा अभ्यास. (कुठे केला ते विचारू नका.) घरातली सगळ्यात बारीक वस्तू सापडली: बायको ज्यातून वर्षाचं तिखट वस्त्रगाळ करते, ते मलमलचं फडकं.

"ओ प्राजूना बाप, त्या फडकामा मिरची शे," ही म्हणाली.

"धोयेल शे मी." (एकदा. बादलीत बुडवून.) आणि ते फिल्टरच्या जागी ताणून बसवलं.

पाहुणे आले. मुलाच्या आईला मी मानानं एसीखाली बसवलं. हवा येईना, म्हणून एसीचा फॅन फुल केला. बाईंना पहिली शिंक आली. शुभकार्यात शिंक म्हणजे अपशकुन. पाठोपाठ इतक्या आल्या की अपशकुनालाही दम लागला असेल. त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"आतेच काय रडी ऱ्हायनी? अजून पोर बाहेर येवानी शे," मुलाचे वडील म्हणाले आणि स्वतःच शिंकायला लागले.

पोरीच्या मनातलं स्थळ मी माझ्या हातानं घालवलं होतं.

प्राजू सरबत घेऊन आली. तिनं ट्रे ठेवला, एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि ओल्या नॅपकिननं बाईंचा चेहरा पुसला. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा बाहेर ओट्यावर बसा."

बसलो. आतून बाईंचा आवाज आला, "ज्या पोरनी हाऊ बाप सांभाळा, ती मन्हं घर सहज सांभाळी." मग सगळे हसले. मीही ओट्यावर एकटाच हसलो, डोळे पुसत. मिरची बाहेरपर्यंत आली होती.

लग्न ठरलं. देणंघेणं काही नाही, एकच अट: लग्नाच्या हॉलच्या एसीला मुलीच्या बापानं हात लावायचा नाही. मी लगेच मान्य केलं. कूलरबद्दल ते काही बोलले नाहीत.