हिरव्या दोऱ्याचा हजार

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, त्याची आधीच माफी मागते. अक्षरही वाईट आहे. चौथी पास झाले आणि हातात पेन्सिलीऐवजी कात्री आली, ती तीस वर्षं सुटली नाही. हे कोणाला दाखवायचं असं ठरवलेलं नाही. मुलीच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे. कोणी वाचलंच तर समजावं, म्हणून कामातले शब्द सोपे करून सांगते.

त्या सोमवारी चेकरने माझ्या हजार विड्यांतून दोनशे बाजूला टाकल्या. बाजूला टाकलेल्या विडीला आमच्यात छाट म्हणतात. कुठे तोंड नीट बंद नाही, कुठे पान फाटलं, कुठे तंबाखू कमी, अशी विडी छाटीच्या टोपलीत जाते. तिची मजुरी मिळत नाही. हजारात एखादा कट्टा, म्हणजे पंचवीस विड्या, छाट निघाली तर कोणी काही बोलत नसे. दोनशे माझ्या आयुष्यात कधी निघाल्या नव्हत्या. नव्या मुली कामाला आल्या की माझा कट्टा त्यांना नमुना म्हणून दाखवायचे.

"हात बिघडला तुमचा, बाई," चेकर म्हणाला. "उन्हाळा आहे, पान सुकते, मान्य. पण एवढी छाट?"

मी तशी बोलतच नसे. चाळीस बायकांत माझा आवाज फक्त एका कामाला लागायचा. भिंतीवर नोटीस लागली की ती मोठ्याने वाचून दाखवायची. वाचता येणारी त्या शेडमध्ये मी एकटीच होते.

आमची विडी मजूर बायकांची सोसायटी होती. आधी आम्ही सट्टेदाराकडे काम करायचो. सट्टेदार म्हणजे मधला माणूस, कारखान्यातून पान-तंबाखू आणून आम्हाला द्यायचा आणि तयार विड्या गोळा करायचा. त्याला काढून आम्ही भागाचे पैसे भरले आणि स्वतःची सोसायटी केली. जुने अध्यक्ष वर्षाचा हिशेबच सांगत नसत, म्हणून त्या जानेवारीत नवे अध्यक्ष निवडून आणले. त्यांना सगळे वसंतभाऊ म्हणायचे. मीही त्यांनाच मत दिलं होतं. अजून कोणी विचारलं तर हेच सांगेन, लपवण्यासारखं नाही.

वसंतभाऊंची तऱ्हा वेगळी होती. पहिल्याच दिवशी त्यांनी अध्यक्षांची खुर्ची कोपऱ्यात ठेवली आणि आमच्याबरोबर वस्तीतल्या बुद्धविहाराच्या सतरंजीवर बसले. प्रत्येकीला नावाने हाक मारायचे. कधी ओरडायचे नाहीत. त्यांच्या आईने जन्मभर विड्या वळल्या होत्या, आणि हे ते प्रत्येक भाषणात सांगायचे. बायकांचे डोळे भरून यायचे. माझेही आले होते.

मग नोटिसा सुरू झाल्या. पहिली मी वाचून दाखवली ती अजून आठवते. तंबाखू महाग झाली आहे, सर्वांनी काटकसर करावी. दर्जा सुधारला तर बाजार वाढेल, बाजार वाढला तर सोसायटीची स्वतःची इमारत होईल. म्हणून यापुढे छाट कडक निघेल. आणि छाट विडीची मजुरी तर नाहीच, तिला लागलेल्या पान-तंबाखूची भरपाईही कापली जाईल.

"म्हंजे काम बी करा अन् दंड बी भरा?" शेवंताबाईने मला विचारलं. ती माझ्या शेजारची. वयाने मोठी, तोंडाने त्याहून मोठी.

मी म्हटलं, नोटीस मी लिहिली नाही, फक्त वाचते.

तिने वसंतभाऊंना विचारलं. ते हसून म्हणाले, "शेवंताबाई, तुम्ही आता मजूर नाही, मालक आहात. मालकाला तोटा सोसावा लागतो." मग आईची गोष्ट सांगितली. मग विचारलं, "कोणाची हरकत आहे का?" कोणीच हात वर केला नाही. ठराव पास झाला. सगळे ठराव असेच पास व्हायचे.

फेब्रुवारीत माझी छाट पन्नास झाली, मार्चमध्ये शंभर, मे महिन्यात दोनशे. हजारी तीन रुपये मिळायचे, त्यातले साठ पैसे छाटीत आणि तीस पैसे भरपाईत. पैशाचं दुःख होतंच. पण मला रात्रंदिवस एकच लागून राहिलं होतं की माझा हात गेला का? विडीवालीचा हात गेला तर तिच्याजवळ दुसरं काय असतं? मी चेकरवर विश्वास ठेवला, स्वतःच्या बोटांवर नाही. ही चूक माझी.

सरकारी दवाखान्यात डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, नंबर अगदी थोडा आहे, हवा तर लावा. मी लावला. स्टोव्हसाठी ठेवलेल्या पैशातले अकरा रुपये चष्म्यात गेले. नाकावर चष्मा चढवून विड्या वळल्या, सुपातली एकेक विडी उजेडात धरून पाहिली. संध्याकाळी चेकरने दोनशे दहा काढल्या.

शेवंताबाई म्हणाली, "चष्मा चेकरले लाव वं. तुले काहून लावला?"

जूनच्या सुरुवातीला एक दिवस लाल दोऱ्याचं रीळ संपलं. प्रत्येक छापाच्या विडीला ठरलेला दोरा असतो, आमचा लाल होता. पान-तंबाखू वाटणारा सोसायटीचा मुनीम म्हणाला, रीळ उद्या मिळेल. पण माझं पान भिजवून, कापून तयार होतं. कापलेलं पान नागपूरच्या जूनमध्ये उद्यापर्यंत थांबत नाही, त्याचे कडक पापड होतात. घरात सट्टेदाराच्या वेळचं हिरवं रीळ पडलं होतं. मी हजारच्या हजार विड्या हिरव्या दोऱ्याने बांधल्या. चूक माहीत होती, ती चेकरला सांगूनच माल पुढे ठेवला.

त्याने हात न लावता सगळा हजार छाटीत ढकलला. चाळीसच्या चाळीस कट्टे. म्हणाला, हिरव्या दोऱ्याची विडी आपल्या लेबलात जाऊच शकत नाही, हे सगळं भट्टीत जाळावं लागेल. त्या दिवसाची मजुरी बुडाली आणि वर दीड रुपया भरपाई कापली.

पाच दिवसांनी रविवार होता. आमचे हे मिलमध्ये कामाला होते, सुटीच्या दिवशी रेल्वे फाटकाजवळच्या पानठेल्यावरून विडीचा एक कट्टा आणायचे. घरात विड्या वळणारी बायको, आणि हा माणूस विडी विकत आणायचा, यावर शेजारी नेहमी हसायचे. पण माझ्या मालातली एक विडी मी कधी घरात ठेवली नाही. त्यांनी अंगणात बसून कट्ट्याचं लेबल फाडलं. लेबल आमच्या सोसायटीचं. आतल्या विड्यांना हिरवा दोरा.

मी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. हिरवाच होता. दोरा नसता तरी मी ओळखल्या असत्या, वळण माझंच होतं. पूर्ण भावाने विकल्या जात होत्या. म्हणजे हात कुठेच गेला नव्हता.

मी तो कट्टा त्यांच्या हातातून घेतला. एक विडी पेटवली होती, तेवढी त्यांना राहू दिली. चोवीस घेऊन शेवंताबाईकडे गेले. ती लगेच वसंतभाऊंच्या दारात जाऊन बोंब मारायला निघाली. मी तिला थांबवलं. एका कट्ट्याला ते चूक म्हणतील, हे मला कळत होतं. आम्ही दोघी तीन ठेल्यांवर फिरलो, लेबल न फाडता कडेने दोरा पाहून आणखी सहा कट्टे विकत घेतले. आपल्याच छाटलेल्या विड्या आपल्याच पैशाने.

शनिवारी पगार झाला की विहारात बैठक असायची. वसंतभाऊ खुशीत होते. म्हणाले, सोसायटी पहिल्यांदाच नफ्यात आली आहे. इमारतीसाठी जागा पाहिली आहे. भरपाईचा दर थोडा वाढवावा लागेल, सहा महिने सोसा. मग नेहमीचं वाक्य आलं, कोणाची हरकत आहे का?

मी हात वर केला. त्यांना वाटलं मी पदर सावरते आहे, म्हणून ते पुढे बोलत राहिले. मी हात खाली घेतला नाही.

"बोला, यमुनाबाई."

"छाटीचं काय करता तुमी?" माझा आवाज इतका बारीक निघाला की मागून कोणीतरी म्हणालं, मोठ्यानं बोल वं, नोटीस वाचतेस तसं. मी परत विचारलं.

"छाट भट्टीत जळते. सगळ्यांना माहीत आहे."

"माह्या हिरव्या दोऱ्याचा हजारबी जळला?"

"जळला. नियम सगळ्यांना सारखा."

मी बंद कट्टा त्यांच्यापुढे सतरंजीवर ठेवला. "लेबल तुमीच फाडा."

त्यांनी फाडलं. पुढच्या बायका वाकून पाहू लागल्या. वसंतभाऊ म्हणाले, एखादा कट्टा चुकून गेला असेल.

शेवंताबाईने पिशवीत हात घातला. "हा दुसरा चुकून गेला. हा तिसरा. हा चवथा." एकेक मांडत गेली. "भाऊ, तुमचं चुकणं लई शिस्तीत आहे गा."

बायका हसल्या. भाऊंच्या सभेत तसं हसू आधी कधी आलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, वाचा, एक पैसा मी खाल्ला असेल तर दाखवा. मी वाचलं. खरंच त्यांनी खाल्लं नव्हतं. छाट विकून आलेली रक्कम 'इतर उत्पन्न' म्हणून लिहिली होती. आमच्या मजुरीतली कपात 'भरपाई' म्हणून वेगळी जमा होती. दोन्ही मिळून जो आकडा झाला, तोच सोसायटीचा नफा. ज्या कारभाराची तालुक्यात वाहवा चालली होती, तो आमच्या टोपलीतून निघत होता. मी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, नोटीस वाचायचे तसंच.

वसंतभाऊ आता सभेची भाषा विसरले. "मी हे कोणासाठी करून राहिलो? माह्या मायनं जन्मभर..."

"तुमच्या मायची छाटबी अशीच विकली असन कोणं तरी," मी म्हटलं. "तिले माहीत नसन, भाऊ. आमाले माहीत झालं."

त्यांनी रजिस्टर मिटून स्वतःकडे ओढलं. मग म्हणाले, छाट विकली नाही तर सोसायटी तोट्यात जाईल, जबाबदारी कोण घेईल, तुम्ही मालक आहात.

"मालक आहो न? मंग छाट मालकापुढं कापा. कात्री आमच्यापाशी आहे. अन् कापलेले पैसे परत द्या."

पैसे इमारत फंडात गेले, ते काढता येत नाहीत, असं त्यांचं उत्तर आलं. पुढच्या सोमवारी आमच्यापैकी कोणीही पान-तंबाखू उचलली नाही. आमचे हे मला म्हणाले, "तू अन् संप?" त्यांना हसू आवरत नव्हतं. पण त्या तीन दिवसांत चूल त्यांच्या पगारावर चालली, आणि ते एकदाही बोलून दाखवलं नाही. ज्यांच्या घरी दुसरा पगार नव्हता त्यांना शेवंताबाईने घरोघर फिरून ज्वारी जमा करून दिली. चौथ्या दिवशी निरोप आला. छाट समोर कापू. पैसे देऊ, पण हप्त्याने.

त्या संध्याकाळपासून चेकरने माझ्या मालातून विडी काढली की मी ती उचलायची, कात्रीने मधोमध कापायची आणि टोपलीत टाकायची. प्रत्येकीने तेच केलं. पहिल्या दिवशी तो नेहमीसारखा काढत गेला, आम्ही कापत गेलो. दुसऱ्या दिवशी मुनीम त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला, कारण कापलेली विडी कुठेच विकता येत नाही. आठवड्याच्या आत माझी छाट पंधरावर आली. चेकर एकेक विडी फिरवून पाहायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "चालते, ही चालते." शेवंताबाई म्हणायची, दर्जा सुधारला बाई याचा.

इतक्या वर्षांत मी अनेक अध्यक्ष पाहिले, लहान सोसायटीचे आणि रेडिओवर ऐकू येणारेही. नवा माणूस आला की काटकसर सांगतो, दर्जा सांगतो, थोडे दिवस सोसा म्हणतो. त्यातलं काही खरंही असतं. माणूस खुर्चीवर बसतो की सतरंजीवर, याने मला आता फरक पडत नाही. मी एवढंच पाहते की टोपली कोणाची भरते आणि ती शेवटी जाते कुठे. वसंतभाऊंना पुढच्या निवडणुकीत मी मत दिलं नाही, तरी ते निवडून आले. पण पुढच्या तीन वर्षांत "हरकत आहे का" विचारून झाल्यावर ते माझ्याकडे पाहून थोडं थांबायचे.

माझे एकूण एकोणपन्नास रुपये ऐंशी पैसे निघत होते. बाकीच्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांचा आकडाही मी याच मुलीच्या एका वहीत मांडून दिला होता, म्हणून कोणाचा पैसा बुडाला नाही. आठ शनिवार सहा-सहा रुपये आले. चष्म्याचे अकरा मी मागितले नाहीत, तो कामाला आला होता. नवव्या शनिवारी वसंतभाऊंनी स्वतः एक रुपया ऐंशी पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि रजिस्टर पुढे केलं. मी चष्मा लावला, आकडा वाचला, आणि माझ्या वाईट अक्षरात लिहिलं की सगळे मिळाले.