कोआलाच्या पिल्लाचं उष्टावण

वजनकाट्यावर कापडी पिशवी, पिशवीत कोआलाचं पिल्लू. पिशवीचं वजन वजा केलं. कालच्यापेक्षा अकरा ग्रॅम कमी. सलग तिसऱ्या दिवशी घट.

२००६ साली मी कॅलिफोर्नियातल्या एका झूमध्ये कीपर होते. प्राण्यांना खाऊ घालायचं, साफसफाई करायची, नोंदी ठेवायच्या. त्याआधी नागपूरला मी 'पिंजरे बंद करा' अशी पत्रकं वाटायचे. मत अजूनही तेच आहे. पण पिंजऱ्यात जन्मलेल्या या पिल्लाची आई मेली, तेव्हा त्याला दूध कोण पाजणार होतं? पत्रक?

लॅक्टोज नसलेलं दूध, दर तीन तासांनी, ड्रॉपरने. आधी तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे आले. औषधाने ते गेले, तर जुलाब सुरू झाले. तरी दूध पिऊन झालं की पठ्ठ्या माझ्या उजव्या मनगटाला चारी पायांनी मिठी मारून झोपायचा. मी डाव्या हाताने नोंदी लिहायचे. अक्षर अगम्य.

अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, आयसेलिनला राहणाऱ्या मावशीचा फोन आला.

"सहा महिन्यांचं झालं ना? मग नुसत्या दुधावर किती दिवस ठेवणार? उष्टावण कर की."

"मावशी, कोआला निलगिरीची पानं खातात. ती याला अजून पचणार नाहीत."

"त्याच्या आईने पहिला घास कशाचा दिला असता?"

उत्तर मला पाठ होतं. कोआलाची आई पिल्लाला पहिल्यांदा स्वतःची पातळ विष्ठा चाटवते. तिला 'पॅप' म्हणतात. पानं पचवणारे जंतू त्यातूनच पिल्लाच्या पोटात जातात. पिल्लू वाढवायच्या आमच्या प्लॅनमध्ये 'पॅप: नंतर बघू' एवढंच लिहिलं होतं. आणि मी दोन आठवडे ड्रॉपर उकळून दिसेल तो जंतू मारत बसले होते.

तडक आमच्या व्हेट, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टर मार्थांकडे गेले. 'पॅप आजच द्या' अशा मोठ्या ठळक मथळ्याचं एक पान लिहून त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे पॅम्फ्लेट आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मादीचं पॅप द्यायचं, तर तिला काही रोग नाही कशावरून? तिचा रिपोर्ट कुठाय?"

"टेस्टच केलेली नाही कुणी."

"मग माझ्यावर काय चिडतेस? सॅम्पल घे."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी जास्तच चिडले.

लॅबने तीन दिवस घेतले. तेवढे दिवस पिल्लाला कातडीखाली सलाइन दिलं. मनगटावरची मिठी सैल पडत चालली होती. ते मला सहन होईना.

रिपोर्ट क्लीन आला. मोठ्या कोआलांचा कीपर हेक्टर निरोगी मादीचं ताजं पॅप घेऊन आला. आम्ही ते दुधात कालवलं.

"तुमच्याकडे पहिला घास कोण भरवतं?" त्याने विचारलं.

"मामा."

"मग सरक. मामा आलाय."

पिल्लाने नाक मुरडलं, मग चाटलं, मग ड्रॉपरच धरून ठेवला. हनुवटीपर्यंत हिरवा चिखल. इतकं घाणेरडं आणि इतकं गोड तोंड मी दुसरं पाहिलेलं नाही.

आठवड्याभरात जुलाब थांबले. वजन आधी स्थिरावलं, मग चढलं. महिन्याने त्याने कोवळं पान चावून थुंकलं आणि पुन्हा तेच उचलून खाल्लं.

झूवाल्यांना माझं एकच सांगणं आहे. निरोगी मादीच्या विष्ठेचा रिपोर्ट आधीच फाइलला लावून ठेवा. लॅब कुणासाठी घाई करत नाही.