गेम बुडाला नव्हता

माझ्या मुलीने बनवलेला व्हिडिओ गेम बुडाला, असं मी नातेवाइकांत सांगत फिरलो. ते खोटं होतं, आणि हे मला जरीपटका भागातल्या, जुने गेम विकत घेणाऱ्या एका दुकानदाराने दाखवलं. ती पूर्वी खेळायची त्या गेमच्या डिस्क मी रागाने त्याला विकायला नेल्या होत्या. तो प्रत्येक डिस्क उजेडात तिरपी धरून ओरखडे बघायचा.

मी कुरकुरलो, “नोकरी सोडून गेम बनवला, विकल्या गेल्या फक्त चार हजार प्रती!”

“विकले किती ते मागून सांगा, काका. बनवाले माणसं किती होते?”

“ती आणि तिची मैत्रीण.”

“घरभाडं, जेवण धरून खर्च निघाला?”

“निघाला. थोडे पैसे उरलेही.”

त्याने हातातली डिस्क माझ्यापुढे धरली. “हा गेम लाखोंनी विकला, तरी कंपनी बसली. हजार जणांचा पगार होता याच्यावर. तुम्ही काहून रडून राहिले जी?” मग त्याने सगळ्या डिस्क परत माझ्या पिशवीत भरल्या. “पोरीले विचारल्याबिगर मी घेत नाही.”

त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. त्याच्या पायरीवरूनच मी मुलीला फोन केला. म्हणालो, “तुझा गेम चालला. मीच चुकलो.”



“बाबा, दुसरा बनवून राहिली मी. तुम्हाले सांगणार नव्हती.”