एर्लनरोटची शीव आणि वेंझेल लिश्का

वेंझेल लिश्काच्या नावावर आमच्या एर्लनरोटमध्ये वीतभर जमीन नव्हती, पण कुणाची जमीन कुठे संपते हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

तो एकोणीसशे सेहेचाळीसच्या मार्चमध्ये गावात आला. युद्ध हरल्यावर सीमेपलीकडच्या बोहेमियातून हाकलून लावलेल्या जर्मनांची एक मालगाडी खालच्या बाजारगावात थांबली आणि तिथून माणसं गावोगाव वाटून दिली गेली. वेंझेल सोळा वर्षांचा. सोबत आई आणि एक पत्र्याची पेटी. ही दोघं माझ्या आजोबांच्या, म्हणजे म्हाताऱ्या ड्योलरच्या वाट्याला आली. गोठ्यावरची खोली त्यांना मिळाली. आजी त्यांच्यासमोरच म्हणाली, "आपलीच तोंडं भरेनात, त्यात ही दोन!" माझे बाबा किलियन तेव्हा एकवीस वर्षांचे, नुकतेच कैदेतून सुटून आलेले. ते जिन्यावर जाऊन वेंझेलला म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नकोस. मी युद्धातून परत आलो तेव्हा मलाही तिने हेच ऐकवलं होतं."

त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली. बाबांनी त्याला उतारावरचं गवत कापायला शिकवलं, त्याने बाबांना पत्ते. पुढे वेंझेल वरच्या खाणीत वालुकाश्म फोडायला लागला आणि हात असा बसला की गावातले उंबरे, पाणवठे, थडग्यांचे दगड सगळं तोच घडवू लागला.

आमच्याकडे शिवेचे दगड सांभाळायला सातजण असतात. शपथ एकदाच घ्यायची, ती मरेपर्यंतची. दगड पुरताना ते त्याच्याखाली एक खूण ठेवतात. खूण कशाची, कशी मांडायची, हे सातांनाच माहीत. कागदावर लिहायचं नाही, बायकोला सांगायचं नाही, पाद्र्यापुढे पापाची कबुली देतानासुद्धा नाही. वरचा दगड कुणी सरकवला तरी खालची खूण खरी जागा दाखवते. गाव आधी मठाचं होतं, मग बिशपाचं, मग राजाचं झालं. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धानंतर जेमतेम अकरा चुली उरल्या होत्या, असं चर्चच्या वहीत आहे. त्या अकरा चुलींतूनही म्हणे सातजण निघाले होते.

आजोबा या सातांचे प्रमुख. छप्पन साली एक जागा रिकामी झाली, तेव्हा त्यांनी वेंझेलचं नाव पुढे केलं. बाकीच्यांनी नाकं मुरडली. आजोबा म्हणाले, "दगड घडवणारा आहे. जमीन नाही, म्हणजे कुणाकडे झुकायचंही कारण नाही. अजून काय पाहिजे?"

वेंझेलने शपथ घेतली. तोवर ओटिलीशी, त्याच्यासारखीच बोहेमियातून आलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईशी, त्याचं लग्न झालं होतं. ओटिली आमच्या स्वयंपाकघरात बसून आईला सांगायची, "आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. शेजारणीने काय शिजवलं तेसुद्धा येऊन सांगतात. पण दगडाखाली काय आहे विचारलं, की भिंतीशी बोलल्यासारखं!" आणि मग हसायची. त्यांना मूल झालं नाही.

एकाहत्तर सालच्या ऑक्टोबरमध्ये जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते.

आमच्या उतारावरच्या शेताला लागून कुनिगुंड बार्थेलमेसचं शेत होतं. तिचा नवरा रशियातून परतलाच नाही. ती कितीतरी वर्षं म्हणायची, की नाशपातीच्या झाडाजवळचा दगड ड्योलरांनी माझ्या शेतात आत सरकवलाय. कोण ऐकणार? सातांचा प्रमुखच ड्योलर. आजोबा वारून नऊ वर्षं झाली तरी तिचं तुणतुणं चालूच होतं. त्या वर्षी बाबांच्या ट्रॅक्टरचा फाळ लागून तो दगड उखडला आणि चरात पडला. कुनिगुंडने लगेच लेखी मागणी केली: खणा, आणि खूण दाखवेल तिथेच दगड लावा.

आदल्या संध्याकाळी बाबा वेंझेलकडे गेले. सोबत मीही होते, आईने दिलेली अंडी घेऊन.

"उद्या काय सापडणार ते तुला माहीत आहे," बाबा म्हणाले.

"नाही, किलियन. मला माहीत नाही."

"नाशपातीजवळ. माझ्या बापाने आयुष्यभर ही शीव राखली. त्याच्या नावाला उद्या काळं लागता कामा नये."

वेंझेल म्हणाला, "जे असेल ते सापडेल. अंडी परत ने, पोरी. आज ती घेता येत नाहीत मला."

दुसऱ्या दिवशी शेतावर धुकं होतं. सातांपैकी पाचच उरले होते, चार म्हातारे आणि वेंझेल. त्यांनी आम्हाला आणि कुनिगुंडला दूर उभं केलं, पाठ वळवून. आधी त्यांनी बाबा म्हणत होते तिथे खणलं. बराच वेळ नुसता फावड्यांचा आवाज येत होता. मग ते कुनिगुंड म्हणत होती तिथे गेले, आमच्या हद्दीत दीड मीटर आत. खड्ड्यात वेंझेल उतरला होता. मी मान वळवून पाहिलं, मला राहवलंच नाही. एक म्हातारा खाली वाकून त्याला काहीतरी सांगत होता. ते शब्द मला कितीतरी वर्षांनी कळले. तो म्हणत होता, "माती लोटून दे. काही नव्हतं म्हणू. कशाला उगाच?"

वेंझेल खड्ड्यातून वर आला आणि मोठ्याने म्हणाला, "इथे आहे."

म्हणजे दगड सरकवलेला होता. आणि तो सरकवणारा माणूस कोण, हे गावाला विचारावं लागलं नाही. एका विधवेच्या शेताचा बांध माझ्या आजोबांनी कोरला होता, स्वतः प्रमुख असताना.

बाबा वेंझेलच्या समोर जाऊन उभे राहिले. "माझ्या घरात राहिलास, माझ्या ताटात जेवलास," ते म्हणाले. "शेवटी तू परका तो परकाच."

वेंझेलच्या हातांना कोपरापर्यंत चिखल होता. तो म्हणाला, "किलियन, ऐक. एक गोष्ट आहे."

"तुझं काही ऐकायचं नाही मला."

त्यानंतर बाबा त्याच्याशी सत्तावीस वर्षं बोलले नाहीत. मरेपर्यंत.

तुम्हाला वाटेल, निदान कुनिगुंड तरी त्याची झाली असेल. ती दुसऱ्या दिवशी आलुबुखाऱ्याचा केक घेऊन त्याच्या दारात गेली. वेंझेलने तो घेतला नाही. निवाडा दिल्यावर कुणाकडून काही घ्यायचं नाही, असा नियम. तिला ते असं झोंबलं की ती रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. "स्वतःला फार मोठा समजतो दगडफोड्या," असं ती दुकानात सांगायची. खानावळीत वेंझेल आला की त्याला कुणी उठ म्हणत नसे, पण त्याच्या टेबलावरची माणसं आपापले पेले उचलून हळूहळू दुसरीकडे सरकत. थोड्या दिवसांनी तो यायचाच बंद झाला.

अठ्ठ्याहत्तर साली गावाचा कारभार खालच्या बाजारगावाकडे गेला. सरपंचाचं दालन बंद झालं आणि वेशीवरच्या पाटीवर आमचं नाव बारीक झालं. मग शाळा गेली, मग खानावळ. एक्याऐंशीत ओटिली गेली. अंत्यविधीला आई मागच्या दाराने गेली, बाबांना न सांगता. सातांतले म्हातारे एकेक करून मेले आणि त्यांच्या जागी कुणी यायला तयार नव्हतं. मोजणी खात्याचे लोक आता उपग्रहावरून हद्द काढायचे आणि लोखंडी नळ्या ठोकून निघून जायचे.

वेंझेल मात्र दर वसंतात शीव चालायचा. एकोणीस किलोमीटर, दोनशे चौदा दगड. पूर्वी सातजण मिळून जायचे, तेव्हा भाकरी, डुकराचं खारवलेलं मांस आणि दारूची बाटली सोबत असायची. आता तो एकटा, हातात खुरपं आणि तारेचा ब्रश. दगडावरचं शेवाळ घासायचा, कललेला सरळ करायचा, पुढे जायचा. आमच्या उतारावर आला की बाबा खिडकीतून त्याच्याकडे पाहत बसत. एकदा मी म्हटलं, "बाबा, बोलवू का त्यांना?" बाबांनी पडदा ओढला, पण खुर्ची तिथून हलवली नाही.

मी श्वाइनफुर्टला कारखान्यात नोकरीला होते. लग्न झालं आणि मोडलं. बाबा अठ्ठ्याण्णवमध्ये गेले. त्यांना पुरताना वेंझेल दफनभूमीच्या भिंतीबाहेर टोपी काढून उभा होता, आत आला नाही. पुढे आई आजारी पडली तेव्हा मी कायमची गावी परतले, आणि एका वर्षात आईही गेली. त्या मोठ्या घरात मी एकटी राहिले. रविवारी बटाट्याचे गोळे करायचे ते चार व्हायचे, आणि बुधवारपर्यंत तेच खायचे.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये ओढ्याकाठी मला तो दिसला. चिखलात गुडघ्यांवर बसून तो एक पडलेला दगड उचलू पाहत होता. वय त्र्याहत्तर. मी धावत गेले आणि दुसऱ्या बाजूने धरलं. दगड उभा राहिला.

"तू किलियनची," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, न वापरलेला.

"हो, वेंझेलकाका. मी गेर्लिंड."

"सातांत आता मी एकटा उरलोय." तो धाप टाकत होता. "हल्ली बायकांनाही घेतात. येशील?"

"मी? माझ्या आजोबांनीच बांध कोरला, आणि तुम्ही मला विचारता?"

"तू गावात राहतेस, पाठीने धड आहेस. आणि त्या दिवशी तू वळून पाहिलंस, पण कुणाला सांगितलं नाहीस. मी बघत होतो."

महिनाभर मी उत्तर दिलं नाही. मग बाजारगावच्या महापौरापुढे जाऊन शपथ घेतली. वेंझेलने मला गुपित ओढ्याकाठीच सांगितलं, उभ्या उभ्या, पाच मिनिटांत. ते काय आहे हे अर्थात मी इथे सांगणार नाही. पण त्यानंतर तो जे बोलला ते गुपितात मोडत नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

"तुझ्या आजोबांनी दगड हलवला," तो म्हणाला. "पण खूण हलवली नाही. त्यांना कशी काढायची ते माहीत होतं, कशी मांडायची तेही. नव्या जागी मांडली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. पण शपथेला त्यांनी हात लावला नाही. मला किलियनला हे सांगायचं होतं."

"मग सांगितलं का नाहीत? सत्तावीस वर्षं होती!"

"त्या दिवशी त्याने ऐकून घेतलं नाही. नंतर मी विचार करत बसलो, की हे सांगणं शपथेत बसतं की नाही. विचारायला कुणी नव्हतं." त्याने ब्रश खिशात घातला. "मग तो गेला."

मला त्याचा इतका राग आला, की मी त्या दिवशी तडक घरी आले. बाबांच्या खुर्चीत बसून रडले. पुढच्या रविवारी जाऊन त्याला जेवायला बोलावलं.

तो दर रविवारी यायचा, बरोबर बारा वाजता. आम्ही फार बोलायचो नाही. त्याला बोलायची सवयच राहिली नव्हती. वाक्य सुरू करायचा आणि मध्येच सोडून द्यायचा. दोन गोळे खायचा, "छान झालंय" म्हणायचा, आणि दोनला उठायचा. कधी मी थांबा म्हटलं तरी थांबला नाही. दोन एकट्या माणसांनी एका टेबलावर बसलं म्हणून एकटेपण जात नाही, हे मला तेव्हा कळलं. पण मी दर शनिवारी बटाटे सोलून ठेवायचे.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मी त्याला गाडीत घालून त्याच्या जन्मगावी नेलं. सीमेलगतचं गाव म्हणून ते पन्नासच्या दशकात पाडलं गेलं होतं. तिथे रान माजलं होतं. चर्चच्या जागी दगडांचा ढीग, आणि एका उजाड परसात सफरचंदाचं जुनं झाड, किडक्या फळांनी लगडलेलं. वेंझेल उंच गवतात काठीने चाचपडत तासभर फिरला. एका ठिकाणी थांबला, वाकला, गवत बाजूला केलं. तिथे शिवेचा दगड होता, कमरेइतका उंच, वर घासून पुसट झालेला आकडा.

"खाली बघायचं का काका?" मी विचारलं. "आता इथे कोण हरकत घेणार?"

"आपली शपथ एर्लनरोटची," तो म्हणाला. "इथली खूण वेगळी असेल. इथल्या सातांपैकी कोण कुठे मेलं असेल, देव जाणे." त्याने ब्रश काढून दगड स्वच्छ घासला. मग म्हणाला, "चल. वारा सुटलाय."

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत एका रविवारी बारा वाजून गेले तरी तो आला नाही. मी त्याच्या घरी गेले. तो पलंगावर होता, शांत. टेबलावर धुतलेला एक कप पालथा घातलेला होता.

अंत्यविधीला आम्ही नऊजण होतो. जमीन गोठलेली होती. कुनिगुंडचा मुलगा एर्हार्ट न बोलावता आला आणि शवपेटीला खांदा दिला. बाहेर पडताना तो मला म्हणाला, "तुम्हाला सातांत माणसं कमी पडतायत म्हणे. मी ट्रॅक्टरवर असतो दिवसभर, पण मार्चमध्ये वेळ असतो."

त्याने शपथ घेतल्यावर त्याला मी सगळं सांगितलं, ओढ्याकाठीच. आता आम्ही दोघं आहोत.