एका मुठीत दोन हात

वाल्बुर्गाचा पाय एका जागी ठरत नव्हता. बव्हेरियातल्या त्यांच्या गावच्या नेमबाजी मंडळात आई आणि लेक दोघी शिकायला यायच्या, पण दोन नवी एअर पिस्तुलं घेणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. दोघींत एकच, तेही जुनं, घ्यायचं ठरलं होतं. समोरचं पिस्तूल तिने पुन्हा उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"अगं, बस की जरा," मंडळाची पिस्तुलं सांभाळणारे कोरबिनियानकाका वैतागले. "मासळी बघतेयस का उलटीपालटी करून?"

"जड वाटतंय हो काका. वेरेनाचा हात अजून एवढासा आहे."

तिची सोळा वर्षांची लेक वेरेना भिंतीला टेकून ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्याचा खारा पाव, चावत होती.

"लाकडी मूठ एकाच हाताच्या मापाची होते," काका म्हणाले. "कुणाच्या मापाची करू?"

"माझ्या. ही मोठी होईपर्यंत सैल मुठीवर भागवेल."

काकांनी मुठीवर ओली पुट्टी थापली. वाल्बुर्गाने मूठ दाबून धरली, तसे बोटांचे ठसे उमटले.

"आता तू धर गं, किती सैल पडतंय बघू," काका वेरेनाला म्हणाले.

वेरेनाने हाताचं मीठ पँटला पुसलं आणि पिस्तूल धरलं.

"आई, मला घट्ट होतंय."

वाल्बुर्गा लेकीच्या बोटांकडे बघत राहिली. नाताळात तिने आणलेले लहान मापाचे हातमोजे पोरीने एकदाही घातले नव्हते, आणि आईने त्यावरून तिला चांगलं फैलावर घेतलं होतं.

ती खुर्ची ओढून बसली.

"तिच्या मापाची करा, काका," ती म्हणाली. "सैल मुठीवर मी भागवेन."