पानावरची पांढरी भुकटी

समजा, सकाळी सात वाजता तुम्हाला काचघरात उभं केलं, हातात भिंग दिलं आणि सांगितलं, ही तीस रोपं, प्रत्येकाचं पान उलटून पाहा. रोग दिसला तर विचारत बसायचं नाही, उपटायचं. वर हेही सांगितलं, की ही वाळवंटी फुलं ज्या खाऱ्या जमिनीत उगवायची तिथे आता रस्ता झालाय आणि बियांची शेवटची पुडी संपलीय. उपटाल की थांबाल?

मावशींवर ही वेळ आली. सगळी रोपवाटिका त्यांना मावशीच म्हणते. बावीस वर्षं त्यांनी गुलाब सांभाळले. इथे येऊन जेमतेम महिना झाला होता. त्या सकाळी पानापानावर पांढरी भुकटी दिसली. भुरी! गुलाबावर हा बुरशीचा रोग दिसला तेव्हा एकदा त्यांनी ‘उद्या बघू’ म्हटलं होतं. आठवड्यात सगळा गुलाब हातचा गेला.

या वेळी त्या थांबल्या नाहीत. उपटत सुटल्या. एकोणिसावं रोप हातात आलं तेव्हा कोरड्या ओठांवरून बोट फिरलं. खारट लागलं. घामच ना, हे बघायला त्यांनी पानालाच जीभ लावली.

मीठ!

तेवढ्यात बियाण्यांचं काम बघणाऱ्या मॅडम आत आल्या.

“मावशी, हे काय करून बसलात!”

“भुरी वाटली हो.”

“अहो, आठवडाभर खारं पाणी देतोय ना आपण? नको असलेलं मीठ ती पानातून बाहेर टाकतात. म्हणून तर तग धरतात.”

“मग हे आधी नाही सांगायचं? बावीस वर्षांत एका गुलाबानं माझ्यापुढे मीठ टाकलं नाही!”

मॅडमना हसू आलं नाही. “सांगायला हवं होतं,” त्या एवढंच म्हणाल्या.

दोघींनी एकोणीसही रोपं पुन्हा लावली. चार दिवस गोडं पाणी दिलं, काल परत खारं सुरू केलं. मावशी रोज लवकर येतात. आल्या आल्या त्या भिंग काढतात. न उपटलेली अकरा पांढरी झालीत. या एकोणिसांनी मात्र माना टाकल्यात, पानांवर पांढरं काहीच नाही. ज्या भुकटीनं धडकी भरवली तीच आता त्या पानोपानी शोधतात.

“मॅडम,” आज त्यांनी हळूच विचारलं, “एखाद्या पानावर कणभर जरी मीठ आलं, तर जगलं म्हणायचं ना?”