डब्यातली राख

दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत आमचे शेजारी नाना बॉयलरवर कामाला होते. जेवणाच्या रिकाम्या डब्यात ते रोज कोळशाची राख भरून आणत आणि अंगणातल्या काकडीच्या वेलाच्या बुंध्याशी टाकत म्हणत, “खाय वं माय, कातडी जाड कर.”

मी शेतकी शाळेचा मास्तर. हसून म्हणालो, “नाना, रोग आल्यावर औषध असतंच की.”

“यावाना पहिलेच येलले तयार करनं पडस, मास्तर.”

नानांचा वेल सोडून वसाहतीतल्या सगळ्या वेलांवर, माझ्याही काकडीवर, पांढऱ्या भुरीचा रोग आला. दुसऱ्या दिवशी वर्गाला घरी बोलावून निरोगी वेल म्हणून तोच दाखवायचा होता. घाबरून मी औषध इतकं कडक फवारलं, की भुरीसोबत पानंही करपली.

सकाळी पोरं आली, तर नाना आपल्या वेलाकडे जायला कुंपणाची तार वर धरून उभे. “इकडे या रे. मास्तरना येल आठे शे.”

मी तासभर राखेवर बोललो. नाना पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे मान डोलवत होते.